नवीन शिपायाला ड्युटीवर घरचं रिव्हॉल्व्हर नेता येतं का?

गोदाकाठचा_नवखा

नमस्कार मंडळी. जालन्याला नऊ महिन्यांचं ट्रेनिंग उरकलं. आता तीन महिने झाले, परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी एका ठाण्यात शिपाई आहे. ठाण्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढं वाचल्यावर कळेल.

माझ्या वडिलांचा मानवतच्या मोंढ्यात कापसाचा व्यवहार होता. रोकड घेऊन रात्री-बेरात्री गावी यावं लागायचं म्हणून त्यांनी १९९६ साली परवाना काढला आणि कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलं. दसऱ्याच्या पूजेशिवाय ते कपाटाबाहेर आलेलं मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात रात्री दोनच्या सुमारास मी आणि एक जमादार मोटारसायकलवर गस्तीला होतो. पुलाच्या अलीकडं वाळूचा हायवा ट्रक येताना दिसला. आम्ही बॅटरी दाखवली. थांबायचं सोडून त्यानं गाडी आमच्याच अंगावर घातली. जमादारांनी कॉलर धरून मला नालीत ओढलं म्हणून आज हे लिहायलोय. मोटारसायकलचं पुढचं चाक वाकडं झालं. नालीतून वर आलो तर हातात काठी तशीच होती, घट्ट धरलेली.

घरी आई दोन दिवस नीट जेवली नाही. वडील म्हणायलेत, रिव्हॉल्व्हर घेऊन जा, कमरेला असू दे, नुसतं दिसलं तरी बास आहे. ठाण्यात कुणाला विचारावं तर नवीन पोरगं भ्यालं म्हणतील.

परवाना वडिलांचा आहे, पण मी पोलीस आहे, मग मला चालतं का? चालत नसेल तर ते माझ्या नावावर करून घेतलं तर? अमेरिकेत म्हणे पोलीस स्वतःचं पिस्तूल वापरतात. कुणाला पक्कं माहीत असेल तर सांगा.

---

मोंढा_किंग

ने की भाऊ बिनधास्त. तूच पोलीस, तुला कोण पकडणार? आमच्या इकडं लग्नात लोक हवेत बार काढायलेत, त्यांना कुणी विचारत नाही.

---

कोर्टासमोरची_टपरी

किंगशेटचं ऐकून नोकरी घालवू नका. लग्नातल्या बाराचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनं त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कुणी विचारत नाही म्हणजे कायदा नाही असं होत नाही.

मी लातूरला वकिली करतो, त्यामुळं थोडं रुक्ष लिहितो, चालवून घ्या.

शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. वडिलांचं रिव्हॉल्व्हर मुलानं न्यायचं ते दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा वडिलांच्याच वापरासाठी, आणि तेही वडील सोबत असताना किंवा त्यांच्या लेखी अधिकारानं. यापलीकडं तुमच्या कमरेला ते सापडलं तर तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे. कलम २५(१ब), आता कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. वर्दी अंगावर असली तरी फरक पडत नाही, उलट पेपरात बातमी मोठी होते.

पोलिसांना सूट आहे असं सगळे म्हणतात. ती कलम ४५ मधली. लोकसेवकानं कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्राला कायदा लागू नाही. आता हे नीट वाचा. सूट कर्तव्याला आहे. कोतातून, म्हणजे खात्याच्या शस्त्रागारातून, सही करून घेतलेलं पिस्तूल कर्तव्याचा भाग आहे हे रजिस्टरच सांगतं. घरून आणलेलं रिव्हॉल्व्हर कर्तव्याचा भाग कसं, हे कोर्टात तुम्हाला सांगावं लागेल आणि ठाण्यातल्या एकाही कागदावर त्याची नोंद नसेल. तुमच्या प्रभारी अधिकाऱ्यांनी 'मला माहीत नव्हतं' म्हटलं की विषय संपला. ते खरंच बोलत असतील.

नावावर करून घेणं शक्य आहे. शस्त्र नियम २०१६, नियम २५. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडं २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाला ते देऊ शकतो. १९९६ धरलं तर तुमच्या वडिलांची २५ वर्षं २०२१ लाच भरली. जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज करा, वडिलांच्या परवान्याला यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का ते आधी बघा. पण घाई करू नका आणि सोपं समजू नका. बीडला डिसेंबर २०२४ मधल्या सरपंच हत्येनंतर परवान्यांची छाननी झाली, बरेच रद्द झाले. तेव्हापासून आमच्या पक्षकारांच्या फायली टेबलावर जास्त दिवस बसायला लागल्या आहेत.

आणि मिळाला तरी तो परवाना तुम्हाला नागरिक म्हणून, स्वसंरक्षणासाठी. ड्युटीवर काय घ्यायचं ते वरिष्ठ ठरवणार. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. तुम्हाला निघाली तर स्वतःच्याच ठाण्यात, स्वतःच्याच मुद्देमाल कारकुनाकडं रांगेत उभे राहाल.

---

डॅलसचा_लातूरकर

अमेरिकेचं नाव निघालं म्हणून लिहितो. इथं सगळ्या देशाचा एक नियम नाही. लहानमोठी मिळून सुमारे १८ हजार पोलीस खाती आहेत आणि प्रत्येकाचं आपलं आपलं. कुठं खातंच पिस्तूल देतं. कुठं मान्य यादीतलं मॉडेल स्वतःच्या खिशातून घेता येतं.

पण 'स्वतःचं' या शब्दावर जाऊ नका. जिथं परवानगी आहे तिथं साधारण रीत अशी की खात्याचा आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा माणूस, ते उघडून तपासतो, सिरीयल नंबर लिहून घेतो, त्याच पिस्तुलावर नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते आणि ड्युटीच्या गोळ्या खातं सांगेल त्याच. नव्या भरतीला बऱ्याच ठिकाणी सुरुवातीचा काळ संपेपर्यंत खात्याचंच हत्यार. आमच्या गल्लीत एक डेप्युटी, म्हणजे शेरिफच्या खात्यातला पोलीस, राहतो. पहिले काही महिने तो एका जुन्या अधिकाऱ्याच्या शेजारी बसूनच फिरला, साधं गाडी चालवण्यावरूनही बोलणी खायचा म्हणे.

२००४ चा एक केंद्रीय कायदा आहे, पोलिसाला ड्युटी नसताना दुसऱ्या राज्यातही लपवून शस्त्र बाळगता येतं तो. लोक त्याची आणि याची गल्लत करतात. इंग्लंडात तर बहुतेक पोलिसांकडं बंदूकच नसते, हेही लक्षात असू द्या.

---

रिटायर_आर्मरर

नवख्या, ठाण्याचं नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मीही माझी ठिकाणं लिहीत नाही. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस कोतात. शस्त्रागार असं दारावर रंगवलेलं असतं, पण वर्दीतला माणूस कोतच म्हणतो.

वकीलसाहेबांनी कलमं सांगितली. मी बादलीचं सांगतो.

आमच्या कोताच्या दाराशी वाळूनं भरलेली एक लोखंडी बादली होती, लाल रंगाची, आग विझवायला असते तसली. हत्यार जमा करायला आलेला माणूस आधी तिच्यापुढं उभा राहायचा. मॅगझीन काढायची. स्लाईड मागं ओढायची, दोनदा, तीनदा. चेंबरमध्ये नुसतं बघायचं नाही, करंगळी घालायची, कारण रात्रपाळीहून आलेल्या डोळ्याला नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही. मग नळी वाळूकडं करून ट्रिगर. टक्. तो टक् कानावर आल्याशिवाय मी रजिस्टर पुढं सरकवलं नाही. एस.पी. साहेबांचा बॉडीगार्ड असला तरी नाही. त्यानंतर गोळ्या लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत उभ्या करायच्या. दहा दिल्या होत्या तर दहा भोकं भरली पाहिजेत. सराव झाला असेल तर तेवढ्या पुंगळ्या. एक पुंगळी कमी आली म्हणून फायरिंग बटवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आख्खी तुकडी गुडघ्यावर बसून गवत चाचपडताना मी पाहिली आहे, ती पण मे महिन्यात.

लोकांना हा छळ वाटतो. तुझ्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर या बादलीपुढं कधी येणारच नाही, माझी हरकत तिथं आहे.

आता घडलेलं सांगतो. २००६ सालची गोष्ट, एका ठाण्यात नवीन फौजदार आला होता. हुशार पोरगा, इंग्रजी फर्डं, वागायलाही चांगला. त्यानं स्वतःच्या परवान्यावर .३२ चं पिस्तूल घेतलं होतं. परवाना पक्का, पावती पक्की, काही खोट नाही. सरकारी पिस्तूल जड लागतं म्हणून रात्रीच्या राउंडला तो आपलंच लावायचा. कोतातून काही काढायचं नाही, काही जमा करायचं नाही, सुटसुटीत. ठाणे अंमलदाराला दिसत होतं, पण फौजदाराला कोण बोलणार?

एका पहाटे राउंडवरून आला, ठाण्यामागच्या खोलीत पडला, पिस्तूल उशाखाली ठेवलं. सकाळी उठून तोंड धुवायला नळावर गेला. सफाईला आलेल्या शिपायानं गादीची वळकटी करायला घेतली, उशीसकट.

मला मुख्यालयातून बोलावून नेलं. खोलीत कापूस उडालेला, धुराचा वास अजून होता. गोळी खाटेच्या पाइपाला घासून भिंतीत गेली होती. पिस्तूल गादीच्या घडीत होतं तसंच. स्लाईड अर्धी मागं येऊन कापडात अडकलेली आणि रिकामी पुंगळी तिच्या तोंडात आडवी उभी. मी ती काढली, उलटी करून बुडावरचे आकडे वाचले. आमच्या आख्ख्या जिल्ह्याच्या कोतात त्या बोअरची एक गोळी नव्हती. मग हे लिहायचं कुठल्या रजिस्टरला? स्टेशन डायरीला ते पिस्तूल बाहेर गेल्याची नोंद नाही, आत आल्याची नाही. कागदावर ते ठाण्यात नव्हतंच.

शिपायाच्या उजव्या कानाला ऐकू येईना. तो बाहेर पायरीवर बसला होता, सगळे त्याच्याशी मोठ्यानं बोलत होते आणि तो 'हो साहेब, हो साहेब' करत होता. चूक त्याची नव्हती तरी सहा महिने जबाब त्याचेच झाले. गादी त्यानं गुंडाळली ना! फौजदाराच्या इन्क्रीमेंटला खीळ बसली, त्याचं पुढं निभावलं. कानाचं निभावलं नाही.

सरकारी पिस्तूल असतं तर हे घडलंच नसतं असं मी म्हणत नाही, सरकारी हत्यारांनीही बार झालेले आहेत. पण ते बादलीपुढं आलं असतं. रात्रीच.

आता तुझ्या कामाचं बोलू. तुझं .३२, सोबतच्याला कोतातून मिळालंच तर ९ एमएमचं. अडचणीत त्याची गोळी तुला चालणार नाही आणि तुझी त्याला. सरकारी पिस्तुलाला दोरी असते, खांद्याला अडकवलेली. ती शोभेला नसते. परभणीच्या तुराबुल हक उर्साला तू अजून बंदोबस्त केला नसशील, करशील तेव्हा कळेल. त्या रेट्यात माणसाचा पट्टा सुटतो, बूट निघून जातो. मोकळं रिव्हॉल्व्हर कमरेला खोचून तिथं उभं राहणं म्हणजे कुणाच्या तरी हातात ते द्यायला जाणं आहे.

वडील म्हणतात नुसतं दिसलं तरी बास. दिसल्यावर समोरचा थांबला नाही तर? रात्री दोनला, अंधारात, हायव्याच्या लायटीकडं तोंड करून तू टायरवर मारणार? पहिल्याच वर्षात? मी चांगले नेमबाज पाहिले आहेत, त्यांची गोळी सुद्धा अशा वेळी कुठं जाते सांगता येत नाही. गाडीच्या टपावर झोपलेली दोन मजूर पोरं असतात, हे तर तूही पाहिलं असशील.

आणि कुणाला लागली, माणूस गेला, तर सुप्रीम कोर्टाचे २०१४ चे निर्देश आहेत, आपल्याच महाराष्ट्राच्या केसमधले. पोलिसाच्या गोळीनं माणूस मेला की तपास दुसरी यंत्रणा किंवा दुसऱ्या ठाण्याचं पथक करतं, दंडाधिकारी चौकशी होते आणि ज्यानं गोळी झाडली त्यानं हत्यार तपासणीसाठी हवाली करायचं असतं. सरकारी हत्यार असेल तर मी आर्मरर म्हणून उभा राहून सांगतो, अमुक बट नंबर, अमुक तारखेला अमुक गोळ्या दिल्या, शेवटचं साफ अमुक दिवशी केलं. तुझ्या रिव्हॉल्व्हरबद्दल कोण सांगणार? तुझे वडील?

तुझी भीती खरी आहे बाळा. काठी घेऊन हायव्यापुढं उभं करणं चूकच होतं, आणि ती चूक तुझी नाही. पण त्यावर घरून हत्यार नेणं म्हणजे ठाण्याची चूक आपल्या कमरेला बांधून घेणं.

---

गोदाकाठचा_नवखा

काका, दोनदा वाचलं. वकीलसाहेब, डॅलसकर दादा, तुमचेही आभार.

पण एक विचारतो, राग मानू नका. २६/११ ला ओंबळे साहेबांच्या हातात काठीच होती. त्या रात्री कुणाकडं स्वतःचं चांगलं पिस्तूल असतं तर काय बिघडलं असतं? ट्रेनिंगला त्यांचा फोटो रोज बघायचो, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

---

रिटायर_आर्मरर

राग कशाचा. त्या रात्रीनंतर कोतात बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात हे होतं. सीएसटीवर आपली माणसं जुन्या थ्री-नॉट-थ्री घेऊन एके-४७ समोर उभी होती. मी त्या रायफली एकोणीस वर्षं पुलथ्रू ओढून, चिंधी फिरवून साफ केल्या. त्यांच्यात काय उरलं होतं ते मला विचार.

त्या रात्रीचा जाब सरकारला विचारायचा होता आणि तो विचारला गेला. नवीन हत्यारं आली, दहशतवादाविरुद्ध फोर्स वन पथक उभं राहिलं. शिपायानं कापसाच्या पैशातून हत्यार आणावं असं कुणी म्हटलं नाही. ओंबळे साहेबांचं नाव घेऊन आपण आपल्या मनातलं त्यांच्या तोंडी घालू नये एवढंच म्हणतो.

तू आता असं कर. प्रभारींना साधा अर्ज लिही. भीती वाटते असं लिहू नको, घडलं ते लिही. तारीख, वेळ, पूल, हायवा अंगावर घातला, मोटारसायकलचं नुकसान. रात्रगस्तीला सशस्त्र कर्मचारी सोबत मिळावा, वाळूच्या कारवाईला महसूलच्या पथकासह आणि चारचाकीनंच पाठवावं. दोन प्रती कर, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घे. आवकवाला कुरकुर करेल, उभा राहा. त्या हायव्याचा गुन्हा दाखल झाला का? तू काही लिहिलं नाहीस. झाला नसेल तर आधी तो. लोकसेवकाच्या अंगावर गाडी घातली आहे, ही चहा पिताना सांगायची गोष्ट नाही. निघताना स्टेशन डायरीला रवानगी टाक, कुठं चाललो, कोण सोबत, कशानं. तुझे जमादार कंटाळा करतील, त्यांना गोड बोलून तूच लिही, अक्षर तुझंच चांगलं असणार.

आणि सराव लागला की पळ काढू नको. नवी पोरं त्या दिवशी हक्कानं सुट्टी मागतात. खात्यानं हातात पिस्तूल द्यावं असं वाटत असेल तर आर.पी.आय. (राखीव पोलीस निरीक्षक) साहेबांना तुझं टार्गेट दिसू दे.

---

मोंढा_किंग

काका माफ करा, वर उगाच लिहिलं. त्या शिपायाचं वाचून बरं नाही वाटलं.

---

कोर्टासमोरची_टपरी

हायव्याच्या गुन्ह्याचं काकांनी पकडलं, माझ्याकडून निसटलं होतं. नवख्या, एफआयआरची प्रत जपून ठेवा. उद्या चौकशी लागली तर ती तुमच्या काठीपेक्षा आणि रिव्हॉल्व्हरपेक्षा जास्त कामाची आहे.

---

गोदाकाठचा_नवखा

उशिरा लिहितोय, बंदोबस्त होता.

गुन्हा त्याच रात्री दाखल झाला होता, पण 'अज्ञात वाहन' म्हणून. जमादारांना हायव्याच्या मागच्या फाळक्यावरचा अर्धा नंबर आणि एक चित्र आठवत होतं. दोघांचे पुरवणी जबाब दिले. अर्ज दिला, आवक नंबर मिळाला. साहेब चिडले नाहीत, 'आधी का नाही बोललास' एवढंच म्हणाले. गेल्या आठवड्यापासून वाळूच्या गस्तीला जीप आहे आणि मुख्यालयातून एक जण एसएलआर रायफल घेऊन येतो. तो गाडीत बसल्याबसल्या घोरतो, पण आहे.

रविवारी घरी गेलो. वडिलांना सगळं वाचून दाखवलं. गादीची गोष्ट आली तेव्हा आई उठून आत गेली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कपाट उघडून रिव्हॉल्व्हर काढलं, सहाही घरं रिकामी करून मला दाखवली, करंगळीनं. मग खोबरेल तेलाचं बोट फिरवून, फडक्यात गुंडाळून परत ठेवून दिलं. नावावर करायचं का ते दिवाळीनंतर बघू म्हणाले.

---

रिटायर_आर्मरर

बाकी सगळं झकास. पण खोबरेल तेल? अरे, थंडी पडली की ते आत गोठतं, घोडा चिकटून बसतो. वडिलांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ते आजच्या आज पुसून काढा आणि बंदुकीचं पातळ तेल लावा, थेंबभरच.